एकच टायर बदलू का?

प्रश्न : विजापूर रस्त्यावर माझ्या टर्बो, ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या) गाडीचा एक टायर फाटला. बाकीचे तीन निम्मे झिजलेत. एकच नवा टाकला तर चालेल? पुढे बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायचाय.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नको. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल, तुमची 4. म्हणजे घेरात जवळपास 25 मिमी फरक. सरळ रस्त्यावरही चाकं कमीजास्त वेगानं फिरतात, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच घसरत राहून तापतो आणि जळतो. सुबारू ही जपानी कार कंपनी घेरात जेमतेम 6 मिमी फरक चालवून घेते. चारही बदला, नाहीतर त्याच मॉडेलचा तितकाच झिजलेला टायर शोधा. हवा सारखी भरून घेर टेपनं मोजा. दुकानदाराच्या ‘चालतंय हो’वर जाऊ नका. बूस्टचं नंतर, आधी डिफरन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरचं) तेल बदला.