धुळ्यात बीई मेकॅनिकल झालंय, गेटवर (एमटेकची प्रवेश परीक्षा) पुण्याला एमटेक डिझाईनला नंबर लागलाय. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय तयारी करू, गेटची पुस्तकं परत वाचू का?

भाऊ, आधी मनापासून अभिनंदन. मी पारोळ्याकडचा, बीई जळगावला केलं आणि एमटेक डिझाईन पुण्यातच, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

गेटची पुस्तकं नको काढूस भो. गेटमध्ये तीन तासात 65 प्रश्न असतात, तिथे फॉर्म्युला पटकन आठवला की काम भागतं. एमटेकला तोच फॉर्म्युला कुठून आला आणि कुठे चालत नाही हे विचारतात, आणि पहिल्या सेमिस्टरला चांगली चांगली टॉपर पोरं इथेच अडकतात कारण बीईला हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून हातात वेळ आहे तोवर एकच गणित नीट कर. कँटिलिव्हर बीम घे, म्हणजे एक टोक भिंतीत पक्कं आणि दुसरं मोकळं, मोकळ्या टोकाला पॉइंट लोड. ते टोक किती खाली वाकतं ते काढायचं. उत्तर आपल्याला पाठ आहे, डब्ल्यू एल क्यूब भागिले थ्री ई आय (डब्ल्यू लोड, एल लांबी, ई मटेरियलचा ताठपणा, आय बीमच्या सेक्शनचा जडत्व आघूर्ण). आता तेच फायनाईट एलिमेंटने काढ, म्हणजे बीमचे तुकडे (एलिमेंट) पाडून, पण आधी एकच एलिमेंट घेऊन. त्याच्या दोन टोकांचे दोन नोड, प्रत्येक नोडला वर-खाली सरकणं आणि स्लोप, म्हणजे 4 बाय 4 चं स्टिफनेस मॅट्रिक्स. फिक्स टोकाच्या दोन ओळी आणि दोन कॉलम खोडले की 2 बाय 2 उरतं, ते वहीतच सुटतं, आणि उत्तर बरोब्बर तेच येतं कारण एलिमेंटचा वाकण्याचा आकार क्यूबिक धरलेला असतो आणि असा बीम वाकतोही क्यूबिकच. मग बीम टोकाकडे निमुळता कर, प्रत्येक तुकड्याचा आय त्याच्या मधोमधचा धर. आता एका एलिमेंटने जमणार नाही, दोन घे, चार घे, आठ घे, उत्तर कुठे स्थिरावतं ते बघ. हे हाताने करत बसणं शक्य नाही म्हणून पायथनमध्ये लिही. एवढं एक गणित स्वतःचं झालं ना, तर मॅट्रिक्स, न्यूमेरिकल मेथड आणि कोडिंग तिन्हीची भीती जाते. अ‍ॅन्सिस सॉफ्टवेअरची बटणं नंतर कुणीही शिकवेल.

गाईडचं नाव द्यायची घाई करू नको, दुसरं वर्ष बहुतेक सगळं डिझर्टेशनचं (प्रबंधाचं) असतं आणि ते गाईड सरांच्या हाताखालीच करायचं असतं. सरांच्या हाताखालच्या सेकंड इयरच्या पोरांना कॅन्टीनला गाठ आणि विचार की सर भेटतात का, लॅबमधलं मशीन चालू आहे का, आधीच्या बॅचचं सबमिशन वेळेत झालं का. वेबसाईटवर यातलं काहीच कळत नाही.

आणि वर्गात शंका विचार. आपल्या खान्देशातली पोरं इंग्रजीच्या धाकाने मागे बसून गप्प राहतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण गणितात ती कुणापेक्षा कमी नसतात. अडलं तर तास संपल्यावर मराठीत विचार, पण विचारच.

पैशाचं घरी आत्ताच बोलून घे. गेटवाल्यांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) स्कॉलरशिप महिन्याला 12,400 रुपये मिळते, 24 महिने, त्यासाठी आठवड्याला 8 ते 10 तास लॅब-ट्युटोरियलचं काम असतं. पण आधी कॉलेजने कागदपत्रं तपासायची, मग पोर्टलवर आयडी, मग महिन्याची हजेरी, त्यामुळे पहिली रक्कम लगेच हातात येईल असं धरू नको. आपल्याकडे कापसाचा पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे येतो आणि हॉस्टेल, मेस, डिपॉझिट सगळं त्याच्या आधी लागतं, तेवढी सोय करूनच निघ. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही आत्ताच बघ.

राहिलं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाताना जुन्या विद्यापीठाकडून लागणारा दाखला. डिग्री बहिणाबाई विद्यापीठाची असेल तर जळगावला, लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची असेल तर तिकडूनच काढावं लागतं, तेव्हा मार्कशीटवर कुठलं नाव आहे ते बघून आजच अर्ज टाक. आणि ओरिजिनल जमा करायच्या आधी सगळं स्कॅन करून ठेव.