वाचकांचे प्रश्न : हो चि मिन्ह यांचे घर

प्रश्न : हनोईत आम्हाला एकच सकाळ मिळते आहे, तीही शुक्रवारची. सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. व्हिएतनामचे नेते आणि राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह यांची समाधी आणि घर दोन्ही बघून होईल का?

उत्तर : समाधी नाही, घर होईल. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. इतर दिवशीही ती सकाळीच उघडी असते आणि वर्षातून काही काळ देखभालीसाठी पूर्ण बंद ठेवतात. घराचे तिकीट वेगळे, वेळाही वेगळ्या. दुपारी तेही काही वेळ बंद होते, म्हणून उघडताच पोचा. उशिरा गेलेल्यांची शेवटी हमखास घाई होते.

आवारात आधी पिवळा राष्ट्रपती प्रासाद दिसतो. तो फ्रेंच गव्हर्नर जनरलसाठी बांधलेला. १९५४ मध्ये हनोईत परतल्यावर हो यांनी तिथे राहायला नकार दिला आणि आवारातल्याच एका वीज कामगाराच्या घरात मुक्काम केला. तळ्याकाठचे लाकडी घर १९५८ चे. उत्तरेच्या डोंगराळ भागात असतात तसे ते खांबांवर उभे आहे. वर दोनच खोल्या, एक झोपायची आणि एक कामाची. आत सोडत नाहीत, बाहेरून बघत पुढे सरकायचे. मागून रांग रेटत असते, त्यामुळे वर फार रेंगाळता येत नाही. आईवडिलांना जिना जड वाटला तर खालीच थांबू द्या, त्यांचे फारसे काही चुकणार नाही. तळमजल्याला भिंती नाहीत. बैठकांचे लांब टेबल, टेलिफोन, कडेने मुलांना बसायला बांधलेला कट्टा, सगळे उभ्याउभ्या नीट दिसते. आमच्या मते या घराचा खरा जीव तिथेच आहे.

जवळच १९६७ चे बसके, जाड भिंतींचे घर आहे. अमेरिकी बॉम्बहल्ल्यांमुळे ते बांधले आणि हो यांचा मृत्यूही तिथेच झाला. बरेच जण ते न बघताच पुढे जातात. तुम्ही तसे करू नका.

प्रश्न : इतका साधा राहणारा माणूस, मग समाधी एवढी भव्य कशी?

उत्तर : ती त्यांची इच्छा नव्हती. मृत्युपत्रात त्यांनी दहन करायला सांगितले होते. देह जतन करण्याचा निर्णय त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाचा, आणि समाधी १९७५ मध्ये खुली झाली. मृत्यूची तारीखही अशीच बदलली गेली. ते गेले २ सप्टेंबर १९६९ ला. पण तो राष्ट्रीय दिन, म्हणून ३ तारीख जाहीर झाली. पक्षाने ती १९८९ मध्ये दुरुस्त केली. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ३ सप्टेंबर दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.