देणगीदार इमारत द्यायला तयार आहे, पण डॉक्टर टिकत नाहीत: आधी काय करावं?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: पन्नास खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे. एक मोठे देणगीदार नव्या इमारतीचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. विश्वस्तांना शंभर खाटा आणि आयसीयू हवा आहे. दुसरीकडे फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ दोघंही सोडून गेलेत. ‘इमारत झाली की डॉक्टर आपोआप येतील’ हे विश्वस्तांचं म्हणणं बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते बहुतेक वेळा नाही. तरीही देणगी नाकारू नका, तिचं रूप बदलून घ्या.

रुग्णालय चालवण्यात इतकी वर्षं गेल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली आहे. इमारतीचा खर्च एकदाच होतो आणि तो सगळ्यांना दिसतो. ती चालवण्याचा खर्च दर महिन्याच्या एक तारखेला समोर उभा राहतो आणि तो फक्त हिशेबनीसाला दिसतो. देणगीदार पहिल्या खर्चासाठी येतात. दुसऱ्यासाठी त्यांना मुद्दाम आणावं लागतं.

आयसीयूचंच गणित करून पाहा. आठवड्याचे तास १६८. एका नर्सची ड्युटी ४८ तासांची धरली, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन नर्स लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरलं की साडेचार. सहा खाटांच्या आयसीयूत दोन रुग्णांमागे एक नर्स, म्हणजे प्रत्येक पाळीत तीन जागा. तीन गुणिले साडेचार, म्हणजे तेरा-चौदा नर्स झाल्या. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतंत्र नर्स द्यायची तर आकडा आणखी वर जातो. शिवाय रात्री जागा असणारा डॉक्टर, प्रयोगशाळेचा रात्रपाळीचा तंत्रज्ञ, ऑक्सिजन, देखभाल हे सगळं वेगळंच. देणगीदाराच्या पत्रात यातलं काय आहे? माझा अंदाज, काहीच नसेल.

नर्सच्या संख्येत काटकसर करू म्हणणारे विश्वस्त प्रत्येक बैठकीत भेटतात. त्यांना लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास दाखवा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद त्यांनी तपासली. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. नर्सची रिकामी जागा ही बचत नसते, ती किंमत रुग्ण मोजत असतो.

आता डॉक्टरांकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

तुमचा भूलतज्ज्ञ का गेला असेल, याचा अंदाज पगार न विचारताही करता येतो: तो एकटा होता. एकटा भूलतज्ज्ञ म्हणजे वर्षभर रोजची रात्र ऑन-कॉल. घरात लग्नकार्य असलं तरी फोन खिशात, आणि सिझेरियन आलं की पंगतीतून उठायचं. पगार दीडपट करून असा माणूस सहा-आठ महिने जास्त थांबतो, एवढंच. दोघं असले की एकाआड एक रात्र मोकळी मिळते. चौघं झाले की माणसासारखं जगता येतं. म्हणून मी विश्वस्तांना नेहमी सांगतो, एका डॉक्टरचा विभाग हा विभागच नव्हे. सहा विषयांचे सहा एकांडे तज्ज्ञ आणण्यापेक्षा दोन विषय निवडा आणि प्रत्येकात तीन-तीन माणसं आणा. फलकावरची नावं कमी दिसतील, काम जास्त होईल.

याला दुसरीही बाजू आहे. लुफ्ट, बंकर आणि एंथोवेन यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयांत जास्त संख्येनं होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी असतं. त्यानंतर अनेक शस्त्रक्रियांच्या बाबतीत हेच दिसत आलंय. महिन्यातून एखादी अवघड शस्त्रक्रिया करणारा विभाग उघडणं म्हणजे रुग्णाला धोका आणि सर्जनला कंटाळा. चांगला सर्जन पैशासाठी जातो असं लोक म्हणतात. मी पाहिलंय ते असं, की तो हात रिकामे राहतात म्हणून जातो.

‘इमारत आधी की माणसं आधी’ या वादात इतिहास बऱ्यापैकी एका बाजूला झुकलेला आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ मध्ये वारले. त्यांनी ७० लाख डॉलर मागे ठेवले, निम्मे विद्यापीठाला आणि निम्मे रुग्णालयाला. रुग्णालयासाठी अट अशी होती, की मूळ रकमेला हात लावायचा नाही, बांधकाम उत्पन्नातून करायचं. त्यामुळे १८७७ मध्ये सुरू झालेलं बांधकाम १८८९ पर्यंत चाललं. आजचा कुठलाही विश्वस्त बारा वर्षं हा शब्द ऐकूनच खुर्चीतून उठेल. पण त्या काळात त्यांनी माणसं शोधली. विकृतिशास्त्राचे (पॅथॉलॉजीचे) विल्यम वेल्च रुग्णालयाचं दार उघडण्याच्या पाच वर्षं आधीच, १८८४ मध्ये, नेमले गेले. पुढे मेडिसिनचे ऑस्लर, सर्जरीचे हॉलस्टेड आणि स्त्रीरोगाचे केली आले. जगभर आज जी रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात काम करत तज्ज्ञ होण्याची पद्धत दिसते तिचा पाया या मंडळींनी घातला. रुग्णालय उघडलं तेव्हा मुद्दल शाबूत होतं आणि माणसं जागेवर होती.

तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. विद्यापीठाचा पैसा मुख्यतः एका रेल्वे कंपनीच्या शेअरमध्ये होता. लाभांश आटला आणि वैद्यकीय महाविद्यालय रखडलं. ते १८९३ मध्ये उघडलं, ते मुख्यतः मेरी एलिझाबेथ गॅरेट यांच्या देणगीमुळे. त्यांची अट होती, की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश द्या आणि प्रवेशासाठी आधीची पदवी सक्तीची करा. संस्थेला अट जड वाटली, पण महाविद्यालयाचा दर्जा त्याच अटीनं वाढवला.

देणगीदाराच्या अटीला घाबरू नका, असं मी म्हणतो ते यासाठीच. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं पाहा. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना सांगितलं, की शिकवणारे पात्र भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातली वरची पदं इंग्रजांकडे होती. महाविद्यालय आणि रुग्णालय १९२६ मध्ये उभं राहिलं आणि भारतीय प्राध्यापकांची एक फळी तिथे तयार झाली. अट दगडविटांबद्दल नव्हती, माणसांबद्दल होती.

म्हणून अटींमध्ये फरक करायला शिका. कोणाला सेवा मिळावी, कोणाला शिकवावं, कोणता विभाग उभा राहावा, ही अट देणगीदाराचा हक्क आहे, ती ऐका. कोणाला नेमावं, कोणत्या कंपनीचं मशीन घ्यावं, कोणत्या नातेवाइकाला समितीवर बसवावं, ही अट आली की नम्रपणे, पण पहिल्याच बैठकीत ‘नाही’ म्हणा. दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

यंत्रांच्या देणगीबद्दलही दोन शब्द. पेरी आणि माल्किन यांनी २०११ मध्ये गरीब देशांतल्या रुग्णालयांतल्या सुमारे १ लाख १२ हजार उपकरणांच्या नोंदी तपासल्या, तर जवळपास ४० टक्के उपकरणं बंद पडलेली होती. सुटे भाग, प्रशिक्षित माणूस आणि देखभाल करार यांचे पैसे नसतील तर फुकटचं मशीनही महाग पडतं. खोली अडते, शिवाय देणगीदार भेटीला आला की धूळ पुसावी लागते ती वेगळीच.

मग तुमच्या देणगीदारांशी बोलायचं काय? माझा सल्ला असा, की पूर्ण इमारतीऐवजी तीन भागांचा प्रस्ताव न्या. एक भाग बांधकामाचा, आत्ता लागेल तेवढाच. दुसरा भाग कायम निधीचा, ज्याचं मुद्दल कधीच मोडायचं नाही आणि ज्याच्या व्याजातून ठरावीक पदांचे पगार निघतील. तिसरा भाग पहिल्या तीन वर्षांच्या तुटीसाठी. नवा विभाग पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, हे मान्य करायला विश्वस्त लाजतात, देणगीदार लाजत नाहीत. ते बहुधा स्वतः धंद्यातले असतात. नवं दुकान पहिल्या वर्षी तोट्यात असतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

‘पण त्यांना नाव हवंय’ असं तुम्ही म्हणाल. हवं असेल तर द्या! नाव फक्त भिंतीलाच लागतं असं कोणी सांगितलं? भूलशास्त्राच्या प्रमुखपदाला त्यांच्या वडिलांचं नाव द्या, नर्सिंगच्या शिष्यवृत्तीला आईचं. तामिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेपासून काम सुरू केलं. न्यूयॉर्कचे बँकर रॉबर्ट शेल यांनी पत्नीच्या स्मरणार्थ १० हजार डॉलर दिले आणि १९०२ मध्ये ४० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. पण वेल्लोर मोठं झालं ते त्या ४० खाटांमुळे नाही. १९०९ मध्ये तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. बाहेरून माणसं मिळत नव्हती म्हणून त्यांनी ती घडवायला घेतली. तुमच्यासाठी यातला धडा सरळ आहे: नर्सिंगचं शिक्षण आणि डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण जितक्या लवकर मान्यतेला जाईल तितकं बरं. शिकणारी मुलं आली की शिकवायची आवड असलेले डॉक्टर थांबतात आणि रात्रपाळीचा भारही वाटला जातो. त्यातून स्थानिक मुलामुलींना आधी घ्या. ग्रामीण भागात वाढलेले विद्यार्थी पुढे तशा भागात काम करण्याची शक्यता जास्त असते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही आहे.

एकाच मोठ्या देणगीदारावर सगळा डोलारा उभा करू नका, हे सांगायला हवंच. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलची १७५१ ची गोष्ट मला फार आवडते. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पैसे जमवायची युक्ती बेंजामिन फ्रँकलिन यांची. लोकांनी २,००० पौंड जमवले तर विधिमंडळानंही तेवढेच द्यावेत, असा ठराव त्यांनी करून घेतला. विरोधकांना वाटलं एवढे जमणारच नाहीत, म्हणून त्यांनीही ठरावाला पाठिंबा देऊन फुकटचं पुण्य पदरात पाडून घेतलं. लोकांनी पैसे जमवले. सुरुवात भाड्याच्या घरात झाली. नकाशा पूर्ण इमारतीचा काढला, पण बांधकाम ऐपतीप्रमाणे केलं: पूर्वेचा भाग १७५५ मध्ये, पश्चिमेचा १७९६ मध्ये आणि मधला १८०४ मध्ये. अर्ध्या शतकात तीन टप्पे.

तुमच्या देणगीदारांना हीच जोडरकमेची अट सुचवा. ‘गावानं एवढे जमवले तर मी तेवढे घालीन’ असं त्यांनी जाहीर केलं, की शंभर-दोनशे रुपये देणारी माणसंही पुढे येतात, आणि एरवी रुग्णालयाच्या कारभारावर फक्त टीका करणारी मंडळी जबाबदारीनं बोलू लागतात. फक्त हिशेब उघडा ठेवा. लंडनमध्ये १८९७ मध्ये धर्मादाय रुग्णालयांच्या चालू खर्चासाठी जो निधी सुरू झाला आणि पुढे किंग्ज फंड म्हणून ओळखला गेला, त्यानं मदत मागणाऱ्या रुग्णालयांना एकसारख्या पद्धतीनं हिशेब ठेवायला लावलं. बांधकामासाठी नव्हे, चालू खर्चासाठी निधी! सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना जे कळलं ते पटवायला मला अजून घसा कोरडा करावा लागतो.

देणगीशिवाय वाढता येत नाही असंही नाही. मदुराईला डॉ. वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू झालं. बहीण-मेहुणे सगळे कामाला लागले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून मोफत शस्त्रक्रिया व्हायच्या. खेड्यातल्या मुलींना प्रशिक्षण देऊन सर्जनच्या हाताखालची बरीच कामं त्यांच्याकडे दिली, म्हणून सर्जन दिवसभर फक्त सर्जनचंच काम करू शकला. हे डोळ्यांना जमलं म्हणून सगळ्या विषयांना जमेल असं नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरावीक पद्धतीनं होते, हार्ट अटॅक तसा वेळ घेऊन येत नाही. पण तुमच्या ओपीडीत डॉक्टर स्वतः रक्तदाब मोजत आणि फॉर्म भरत बसतो का, हे एकदा बघा.

खाटा वाढवल्या तर भरतील का, ही काळजी मी करणार नाही. मिल्टन रोमर यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं होतं, की विमा असलेल्या ठिकाणी खाट उपलब्ध झाली की ती भरतेच. ती कोणत्या रुग्णानं भरेल, त्याला खरंच दाखल करायची गरज असेल का आणि बिल कोण देईल, हे विचारा. आधी सध्याच्या पन्नास खाटांचा वर्षभराचा तपशील काढा. किती टक्के भरलेल्या असतात, सरासरी किती दिवस रुग्ण राहतो, किती रुग्ण दुसरीकडे पाठवले आणि का. पाठवलेल्यांच्या यादीत जो आजार सर्वांत वर असेल, तोच तुमचा पहिला नवा विभाग. बहुधा ती यादी आयसीयूपेक्षा चांगलं प्रसूतिगृह, रक्तसाठा केंद्र किंवा डायलिसिस मागत असते.

आणखी एक काम पुढच्या बैठकीच्या आधी करा. सोडून गेलेल्या त्या दोन्ही डॉक्टरांना फोन करा, आणि तो विश्वस्तांनी नव्हे, त्यांच्याशी ज्याचं पटत होतं अशा एखाद्या सिस्टरनं किंवा आरएमओनं (निवासी डॉक्टरनं) करावा. विचारायचं इतकंच, की परत यायचं म्हटलं तर काय बदलायला हवं. उत्तरात राहायचं घर, मुलांची शाळा, रात्रीच्या ड्युटीला जोडीदार डॉक्टर आणि विश्वस्तांची ढवळाढवळ यांतलं काय किती वेळा येतं ते लिहून घ्या. तो कागद आणि खाटांचा तपशील घेऊन देणगीदारांकडे जा. इमारतीचा नकाशा त्या दिवशी घरीच ठेवा.