झेंडू, चेंडू आणि पाकिटावरची चूक

प्रश्न असा आहे: बियांच्या पाकिटावर 'झेंडू' छापलं होतं, उगवलं मात्र भलतंच रोप. मग झेंडू नेमकं कशाला म्हणायचं? आणि कोकणातला गोंडा वेगळा का?

गोंडा वेगळा नाही, झेंडूच तो. पाकिटातून उगवलं ते बहुधा कॅलेंडुला, म्हणजे झेंडूच्याच रंगाचं पण वेगळंच फूलझाड. इंग्रजीत 'मेरीगोल्ड' दिसलं की डोळे मिटून 'झेंडू' लिहायचं, हा आळस मला मलमाच्या डब्यांवर आणि साबणाच्या वेष्टनांवरही सतत दिसतो आणि दर वेळी संताप येतो. मेरीगोल्ड हे मुळात कॅलेंडुलाचंच नाव. मेक्सिकोचा झेंडू युरोपात पोचला तेव्हा रंग सारखा म्हणून तेच नाव त्यालाही चिकटलं. इंग्रजांनी केलेली ही गल्लत आपण का पुढे चालवायची? पान चुरगळून बघा. झेंडूचं पान कातरलेल्या पर्णिकांचं असतं आणि त्याचा उग्र वास बोटांना राहतो. कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट, किंचित चिकट. पेरण्याआधी बी पाहिलं असतं तरी कळलं असतं: झेंडूचं काळं, काडीसारखं, टोकाला फिकट कुसळं, कॅलेंडुलाचं वाकडं, चंद्रकोरीसारखं, खरबरीत.

आता शब्दाकडे. झेंडू म्हणजे 'झेंड्याच्या रंगाचा' ही व्युत्पत्ती कृपा करून विसरा. पिवळाधमक झेंडू मग कोणत्या झेंड्याचा? शेजाऱ्यांकडे बघा. हिंदीत गेंद म्हणजे चेंडू आणि फूल गेंदा. तेलुगूत बंती म्हणजे चेंडू आणि फूल बंती. कन्नडमध्ये तर चेंडु म्हणजे चेंडूच आणि फूल 'चेंडु हूवु'! मल्याळममध्ये चेंडुमल्ली. एवढ्या भाषांनी एका गोल फुलाकडे बघून चेंडू म्हटलं, आणि मराठीने तेवढा झेंडा पाहिला? झेंडू हा चेंडूच आहे, असं माझं ठाम मत आहे. च चा झ असा सरसकट होत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण बाजारातून तोंडोतोंडी फिरलेलं परक्या फुलाचं नाव व्याकरणाला विचारून बदलत नाही. '-ेंडू' एवढा गाभा शाबूत आहे, अर्थ शाबूत आहे, शेजारी साक्षीला आहेत. आणखी काय हवं?

काही आयुर्वेदाच्या पुस्तकांत 'झण्डू', 'स्थूलपुष्पा' अशी संस्कृत नावं देऊन झेंडूला प्राचीन ठरवलेलं असतं. ते मला अजिबात मान्य नाही. ही वनस्पती अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी ती इथे नव्हतीच, तर तिला प्राचीन संस्कृत नाव कुठून येणार? लोकांचा झेंडू आधी, झण्डू हे त्याला मागाहून नेसवलेलं सोवळं.

मेक्सिकोत नाहुआत्ल भाषेत तिचं नाव सेंपोआल-शोचित्ल. सेंपोआल म्हणजे वीस, शोचित्ल म्हणजे फूल. 'वीस फुलांचं फूल'! आज तिथे सेंपासूचिल म्हणतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत थडगी त्याने सजवतात. आपल्या दसरा-दिवाळीच्या तोरणांच्या आसपासच. आणि नाव किती अचूक आहे पाहा. आपण तोडतो ती झेंडूची 'पाकळी' म्हणजे स्वतंत्र फूलच असतं, तिच्या बुडाशी ते काळं बी धरतं. शेवंती, सूर्यफूल, करडई या सगळ्या कुळाचा हाच थाट. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो गुच्छ असतो. कोकणाने त्याला गोंडा म्हटलं ते म्हणूनच मला फार आवडतं.

हो, लागवड. दसरा साधायचा तर अडीच महिने आधी पेरा. आठवड्याभरात उगवतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. ऊन भरपूर हवं, पाणी साचू देऊ नका. आणि बी घरच्या वाळलेल्या गोंड्याचंच वापरा, पाकीट वाचायची वेळच येणार नाही.