परदेशातल्या व्याख्यानांना नकार देणारं पत्र कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काका मराठीत लिहितात, वय ७४. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाने त्यांना चार शहरांत व्याख्यानं द्यायला बोलावलं आहे. त्यांना जायचं नाही आणि पत्र लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे. ते उद्धट वाटू नये म्हणून काय करावं, आणि मोठ्या लेखकांनी अशी पत्रं लिहिली आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

लिहिली आहेत, आणि त्यातली चांगली पत्रं वाचली की एक गोष्ट लक्षात येते. कारण एकच असतं, खरं असतं आणि बहुतेक वेळा ते लेखकाच्या कामाचं असतं. तब्येत, घरची अडचण, ‘सध्या जरा गडबड आहे’ यांतलं काही नसतं.

पुण्यात शिकत असताना मी सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ लेखिकेची पत्रं लिहून द्यायचो. बाईंना दिसायला कमी झालं होतं; त्या सांगायच्या, मी लिहायचो. एकदा इंग्लंडमधल्या एका मंडळाचं एप्रिल-मेमधल्या व्याख्यानांचं निमंत्रण आलं. त्यांच्या पुतण्याने नकाराचा मसुदा करून ठेवला होता. त्यात गुडघेदुखी होती, व्हिसाची दगदग होती, तिकडची थंडी होती आणि शेवटी चालू लेखनाचाही उल्लेख होता. मी तो वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, ‘‘चार कारणं दिली की एकही खरं वाटत नाही. पहिली तीन खोड.’’ मग त्यांनी सांगितलं ते असं: मी म्हाताऱ्या तमाशा कलावंतांच्या आठवणी लिहून घेते आहे. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, आणि मला भेटायची असलेली माणसं तेव्हाच एका जागी सापडतात. ते दिवस मी सोडू शकत नाही. पत्र एवढंच. मंडळाकडून उलट टपाली उत्तर आलं, त्यात आग्रह नव्हता. पुस्तक झालं की कळवा, असं होतं. पुतण्याचं पत्र गेलं असतं तर गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आणि थंडीसाठी कोट देऊ करणारं उत्तर आलं असतं, याची मला खात्री आहे.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते सतराव्या शतकातल्या डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं पत्र. १६७३ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाकडून त्याला बोलावणं आलं. ते नुसत्या व्याख्यानाचं नव्हतं, थेट तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकपदाचं होतं. पॅलॅटिनेट या तिथल्या संस्थानाच्या राजाच्या वतीने फाब्रिटियस नावाच्या प्राध्यापकाने लिहिलं होतं, की तुम्हाला विचारांचं पूर्ण स्वातंत्र्य मिळेल. मात्र प्रस्थापित धर्माला धक्का लावण्यासाठी तुम्ही ते वापरणार नाही असा राजेसाहेबांचा विश्वास आहे. स्पिनोझा तेव्हा हेगमध्ये भाड्याने राहत होता, भिंगं घासायचा. ३० मार्चला त्याने उत्तर दिलं. तरुणांना शिकवत बसलो तर माझं स्वतःचं चिंतन थांबेल, हे एक. आणि धर्माला धक्का लागू नये म्हणून विचारस्वातंत्र्याची रेषा नेमकी कुठे ओढायची हे मला कळत नाही, हे दुसरं. म्हणजे इथे कारणं दोन झाली, पण दोन्ही एकाच मुळाची. याहून मोठ्या पदाची आशा आहे म्हणून मी मागे राहत नाही, मला शांतता प्रिय आहे, हेही त्याने सांगितलं. शेवटी दरबारी रीत म्हणून विचाराला आणखी वेळ मागितला, पण ते पत्र वाचून तो येणार आहे असं कुणालाही वाटलं नसतं. चार वर्षांनी, १६७७ मध्ये तो वारला आणि त्याचा मुख्य ग्रंथ मित्रांनी त्याच वर्षी छापला. जे काम करायला तो घरी थांबला, ते मागे राहिलं.

गांधीजींना १९२०च्या दशकात अमेरिकेतून सारखी निमंत्रणं येत होती. ते कधीच गेले नाहीत. माझं म्हणणं आधी इथे, माझ्याच लोकांत खरं ठरू दे. ते झाल्याशिवाय तिकडे जाऊन बोलण्यात अर्थ नाही, असा त्यांच्या उत्तरांचा सूर असे. (त्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भार ज्यांनी वर्षानुवर्षं वाहिला त्या महादेवभाई देसाईंची समाधी आपल्या आगाखान पॅलेसमध्ये आहे. पुण्यातली किती माणसं तिथे जातात?)

फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रचं उदाहरण निराळं आहे. १९६५ मध्ये तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात व्याख्यानांना जाणार होता, होकारही कळवला होता. मग अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक सुरू केली आणि त्याने दौरा रद्द केला, कारणही जाहीरपणे सांगितलं. तुमच्या काकांचा असा काही निषेध असेल तर तो स्पष्ट लिहावा. नसेल तर उगाच तत्त्वाचा आव आणू नये.

टाळण्यासारखं उदाहरण स्कॉटिश लेखक कार्लाइलचं. १८३० च्या दशकात त्याचा मित्र, अमेरिकन लेखक इमर्सन त्याला अमेरिकेत व्याख्यानांना ये म्हणून मनापासून लिहीत होता. कार्लाइल नाही म्हणेना. बघू, येईनसं वाटतं, असं चालू राहिलं. लंडनमध्ये त्याने व्याख्यानं दिली, अमेरिकेला मात्र मरेपर्यंत गेला नाही. मैत्री घट्ट म्हणून निभावलं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना असं टांगून ठेवणं अन्यायाचं आहे. ही माणसं नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खर्च करून हॉल धरतात, वर्गणी गोळा करतात, पाहुण्याच्या व्हिसासाठी पत्र तयार करतात. त्यांना लवकर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. अमेरिकन लेखक एडमंड विल्सन तर नकाराची छापील कार्डंच पाठवायचा. कोणकोणत्या गोष्टी आपण करत नाही त्यांची यादी त्यावर असे, व्याख्यानं धरून. लवकर आणि स्पष्ट दोन्ही झालं, पण आपल्या भाषेतल्या वाचकाला असं कार्ड पाठवणं मला पटत नाही.

तेव्हा काकांकडून त्यांचं खरं कारण काढून घ्या आणि साधारण असं लिहा:

‘‘सप्रेम नमस्कार. आपलं पत्र पोचलं. इतक्या लांब राहून तुम्ही मंडळी माझं लेखन वाचता आणि मला बोलवावंसं वाटतं, याचा आनंद झाला. मी न येण्याचं ठरवलं आहे. हाती घेतलेलं पुस्तक मला इथे बसून पुरं करायचं आहे आणि आता माझा सगळा वेळ त्याला देतो आहे. पुढच्या वर्षीसाठीही कृपया माझं नाव धरू नये. पुस्तक निघालं की मंडळाच्या ग्रंथालयासाठी प्रती पाठवीन. कार्यक्रमाला मनापासून शुभेच्छा. आपला,’’

‘पुढच्या वर्षीसाठीही’ हे वाक्य लिहिताना हात अडखळेल, पण ते गाळू नका. तब्येतीचं कारण घालायचा मोह होईल. पण दोन महिन्यांनी काका सांगलीच्या एखाद्या कार्यक्रमात बोलताना फेसबुकवर दिसले तर तिकडच्या माणसांना फसवल्यासारखं वाटेल.

बदल्यात काही द्यायचं असेल तर काका एरवीही करतील तेच द्या. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर निबंध पाठवला होता. १८८६ ला व्हिएन्नाच्या परिषदेला ते स्वतः गेले. लिहिणाऱ्या माणसाला लिहून पाठवणं सोपं असतं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख काका आनंदाने देतील. झूमवर बोलायचं मात्र त्यांना विचारल्याशिवाय कबूल करू नका. ज्यांना व्यासपीठाचा कंटाळा आहे त्यांना कॅमेऱ्याचा जास्त असतो.

पत्र अध्यक्षांच्या नावाने जाऊ दे, पण ज्या कार्यकर्त्याने पहिला फोन केला त्यालाही त्याच दिवशी पाठवा, आणि शक्य असेल तर काकांनी त्याच्याशी स्वतः पाच मिनिटं बोलावं. मंडळात काकांचं नाव बहुधा त्यानेच सुचवलेलं असतं.