कॅशे साफ करताना खूण नेमकी कशावर ठेवायची?

ब्राउझरच्या कॅशेबद्दल (पाहिलेल्या पानांच्या फाइली पुन्हा वापरता याव्यात म्हणून ब्राउझर आपल्याजवळ ठेवतो तो साठा) वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : एका संकेतस्थळावर अर्जाची नवी तारीख लागल्याचं सगळे सांगतात, मला मात्र जुनंच पान दिसतं. मदतकक्षाने ‘कॅशे क्लिअर करा’ एवढंच सांगितलं. तसं केलं तर साठवलेले पासवर्ड जातील का?

फक्त कॅशे साफ केली तर पासवर्ड जात नाहीत. पण एका पानासाठी सगळी कॅशे पुसायची गरज बहुधा पडतच नाही. ते पान उघडं ठेवून कंट्रोल-एफ5 किंवा कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कमांड-शिफ्ट-आर, सफारीत ऑप्शन-कमांड-आर. नुसतं रीलोड केलं तर ब्राउझर आपल्याजवळच्या काही फाइली वापरतो; असं सक्तीने रीलोड केलं की पानाच्या फाइली पुन्हा सर्व्हरकडून मागवतो.

एवढ्याने भागलं नाही, तर कंट्रोल-शिफ्ट-डिलीट (मॅकवर कमांड-शिफ्ट-डिलीट). क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत याने साफसफाईची खिडकी उघडते. इथे घाई नको. क्रोममध्ये हिस्टरी, कुकीज (लॉगइनसारख्या गोष्टी लक्षात ठेवायला संकेतस्थळं ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) आणि ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ या तिन्हींवर सहसा आधीच खुणा असतात. पहिल्या दोन काढा, शेवटची एकच ठेवा. फायरफॉक्समध्ये तिचं नाव ‘टेम्पररी कॅश्ड फाइल्स अँड पेजेस’ असं आहे. वर काळ निवडायचा असतो, तिथे ‘ऑल टाइम’ करा (फायरफॉक्समध्ये ‘एव्हरीथिंग’). तासाभराचाच काळ राहू दिला तर त्याआधीच्या फाइली तशाच राहू शकतात, आणि मग ‘साफ केलं तरी जुनंच दिसतं’ ही तक्रार सुरू होते.

कुकीजवरची खूण चुकून राहिली तर जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावरून तुम्ही बाहेर पडाल. पासवर्ड तेव्हाही जात नाहीत, ती खूण वेगळी असते. पण सगळीकडे पुन्हा लॉगइन करा, ओटीपीची वाट पाहा, हा व्याप मागे लागतो. ‘कॅशे साफ केली आणि सगळं गेलं’ असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा गेलेल्या असतात त्या कुकीज.

प्रश्न : कॅशे दोनदा साफ केली, संगणक बंद करून सुरू केला, तरी एक संकेतस्थळ जुनंच दिसतं. आता काय करायचं?

आता तिसऱ्यांदा साफ करू नका. पान कुठून येतंय ते आधी शोधा.

पहिली तपासणी खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये. या खिडकीची कॅशे वेगळी असते आणि सगळ्या खासगी खिडक्या बंद केल्या की ती जाते. त्यामुळे आधीची कुठलीही खासगी खिडकी उघडी राहिलेली नाही याची खात्री करून नवी उघडा. तिथेही जुनंच दिसलं तर दोष तुमच्या ब्राउझरचा नसण्याचीच शक्यता जास्त. बरीच संकेतस्थळं आपल्या पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या मधल्या सर्व्हरवर ठेवतात, आणि त्या प्रती बदलणं तुमच्या हातात नसतं. संगणकाच्या नेटऐवजी मोबाइलच्या डेटावर तेच पान उघडून पाहा. तिथेही तेच असेल तर संकेतस्थळ चालवणाऱ्यांना कळवणं एवढंच उरतं.

खासगी खिडकीत नवं आणि नेहमीच्या खिडकीत जुनं असेल, तर सक्तीने रीलोड करून काय होतं ते बारकाईने पाहा. सक्तीच्या रीलोडला नवं पान आलं, मग साधं रीलोड केलं आणि पुन्हा जुनं परत आलं, तर संशय घ्यायचा तो सर्व्हिस वर्करवर. ऑफलाइनही चालावं म्हणून काही संकेतस्थळं ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवतात. तो मधे उभा राहून स्वतःच्या साठ्यातून पानं देतो. सक्तीच्या रीलोडच्या वेळी ब्राउझर त्याला बाजूला ठेवतो, साध्या रीलोडच्या वेळी ठेवत नाही. आणि त्याचा साठा ‘कॅश्ड फाइल्स’मध्ये धरलेला नसतो, ‘कुकीज आणि साइट डेटा’मध्ये असतो. म्हणून तुम्ही कितीही वेळा कॅशे साफ केलीत तरी त्याला धक्का लागत नाही.

खात्री करायची असेल तर क्रोममध्ये एफ12 दाबा, ‘नेटवर्क’ हा टॅब उघडा आणि पान रीलोड करा. फाइलींची यादी भराभर येईल. तिच्यातल्या ‘साइझ’ या रकान्यात प्रत्येक फाइल कुठून आली ते लिहिलेलं असतं : ‘डिस्क कॅशे’, ‘मेमरी कॅशे’ किंवा ‘सर्व्हिसवर्कर’. नुसता आकडा असेल तर ती नेटवरून आली. ‘स्टेटस’च्या रकान्यात 304 दिसलं, तर ब्राउझरने सर्व्हरला ‘माझ्याकडची प्रत चालेल का’ असं विचारलं आणि सर्व्हरने हो म्हटलं. म्हणजे जुनी प्रत चालेल असं सर्व्हरच सांगतोय, तुमचा ब्राउझर नव्हे.

सर्व्हिस वर्करच निघाला तर सगळ्या कुकीज पुसायचं कारण नाही, तेवढ्या एका संकेतस्थळाचा डेटा काढा. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जा, तिथे डेटा काढून टाकायचं बटण आहे. फायरफॉक्समध्ये कुलपावर क्लिक केलं की ‘क्लिअर कुकीज अँड साइट डेटा’ मिळतं. मग त्या संकेतस्थळाचे सगळे टॅब बंद करून पुन्हा उघडा. तिथे पुन्हा लॉगइन करावं लागेल. अर्धवट भरलेला मसुदा ब्राउझरमध्येच साठवलेला असेल तर तोही जाईल; आधी मजकूर कॉपी करून ठेवा.

प्रश्न : दर आठवड्याला कॅशे साफ केल्याने ब्राउझर वेगवान राहतो का?

उलट, साफ केल्यानंतर प्रत्येक संकेतस्थळ पहिल्यांदा उघडताना हळू चालतं, कारण बोधचिन्हापासून फाँटपर्यंत सगळं नव्याने उतरवावं लागतं. कॅशेला जागेची मर्यादा असते. ती भरत आली की बराच काळ न वापरलेल्या फाइली ब्राउझर स्वतःच काढतो. ब्राउझर मंद असेल तर आधी उघडे टॅब आणि एक्स्टेन्शन तपासा. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कुठला टॅब किती मेमरी खातो याची यादी येते.

कॅशे पूर्वीपेक्षा लवकर भरते असं वाटत असेल तर त्याला एक खरं कारण आहे. पूर्वी एकच फाँट दहा संकेतस्थळं वापरत असली तरी त्याची एकच प्रत पुरायची. पण त्यावरून तुम्ही आधी कुठे जाऊन आलात याचा माग काढता येतो, म्हणून आता ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी प्रत ठेवतात. सफारीत हे आधीपासून होतं. क्रोमने 2020 मध्ये आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये ते सुरू केलं.

प्रश्न : फोनमध्ये जागा कमी पडते. सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर स्टोरेज’ अशी दोन बटणं दिसतात. कुठलं दाबायचं?

अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ बिनधास्त दाबा. ‘क्लिअर स्टोरेज’ (काही फोनवर ‘क्लिअर डेटा’) दाबलं की ॲप नुकतंच बसवल्यासारखं कोरं होतं. उघडे टॅब, लॉगइन, खात्याशी सिंक न केलेले बुकमार्क आणि पासवर्ड, सगळं जातं. कुठल्याही ब्राउझरवर हे बटण शेवटचा उपाय म्हणूनच वापरावं. जागा मोकळी झाली तरी ती फार काळ टिकत नाही, वापर सुरू झाला की कॅशे पुन्हा भरते. फोन खरोखर भरला असेल तर व्हिडिओ आणि डाउनलोड आधी पाहा. ब्राउझरमधली डाउनलोडची यादी पुसली म्हणून त्या फाइली जात नाहीत, त्या फोल्डरमध्ये जाऊनच काढाव्या लागतात.

आयफोनच्या सफारीत नुसत्या कॅशेसाठी वेगळं बटण नाही. ‘क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा’ दाबलं तर हिस्टरी, कुकीज आणि कॅशे एकदम जातात, आणि आयक्लाउडवर सफारी सिंक असेल तर इतर उपकरणांवरची हिस्टरीही जाते. हिस्टरी ठेवायची असेल तर सफारीच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘वेबसाइट डेटा’. तिथे हवं ते एकच संकेतस्थळ शोधून काढता येतं. मॅकवर मात्र सोय आहे : ‘डेव्हलप’ मेनू सुरू करून ऑप्शन-कमांड-ई दाबलं की फक्त कॅशे रिकामी होते.

प्रश्न : आमच्या संस्थेचं संकेतस्थळ मी सांभाळतो. प्रत्येक बदलानंतर लोकांना ‘कॅशे साफ करा’ असं सांगावं लागतं. हे टाळता येईल का?

टाळायलाच हवं. वाचकाला कॅशे साफ करायला सांगावं लागतं तेव्हा चूक बहुधा सर्व्हरच्या मांडणीत असते.

तुमचा सर्व्हर कॅशे-कंट्रोल हा हेडर (फाइलीसोबत ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवतो का, ते पाहा. तो नसेल तर फाइल किती दिवस ताजी मानायची हे ब्राउझर अंदाजाने ठरवतो. रूढ हिशेब असा, की फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या 10 टक्के. म्हणजे शंभर दिवस न बदललेलं पान ब्राउझर पुढचे दहा दिवस सर्व्हरला न विचारता दाखवू शकतो. म्हणूनच वर्षभर न हललेल्या पानावर बदल केला की तो काहींना दिसतो, काहींना नाही.

एचटीएमएल पानांना या हेडरमध्ये ‘नो-कॅशे’ द्या. याने प्रत साठवली जाते, पण प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारूनच वापरली जाते. बदल नसेल तर 304 चं छोटं उत्तर पुरतं. ‘नो-स्टोअर’ने प्रत साठवलीच जात नाही. ते खासगी माहितीच्या पानांसाठी राखून ठेवा, सरसकट लावलंत तर संकेतस्थळ विनाकारण जड होईल. सीएसएस (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइली), स्क्रिप्ट आणि चित्रांना मॅक्स-एज 31536000 द्या, म्हणजे सेकंदांत एक वर्ष. मात्र मजकूर बदलला की फाइलचं नावही बदललं पाहिजे. बहुतेक बिल्ड साधनं (संकेतस्थळाच्या फाइली तयार करणारी) नावात मजकुरावरून काढलेला संकेत आपोआप घालतात. नाव तेच ठेवून वर्षाची मुदत दिलीत, तर जुनी स्क्रिप्ट आणि नवं पान एकत्र येऊन बटणं चालेनाशी होतात, आणि हा दोष तुमच्या स्वतःच्या संगणकावर दिसतही नाही.

आणखी एक सांभाळा. पत्ता बदलताना 301 (वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवणारा सर्व्हरचा संकेत) देण्याआधी दोनदा विचार करा. तो कायमचा बदल समजला जातो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतात. चुकीच्या पत्त्यावर 301 दिलंत, तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केल्यावरही ज्यांनी ते पान आधी उघडलं होतं ते चुकीच्याच जागी जात राहतात. चाचणी चालू असेपर्यंत 302, म्हणजे तात्पुरत्या बदलाचा संकेत, वापरा.

प्रश्न : सायबर कॅफेतून निघताना कॅशे साफ केली की पुरे का?

नाही. आधी प्रत्येक खात्यातून लॉगआउट करा. कुकी पुसल्याने त्या संगणकावरची लॉगइनची नोंद जाते, पण सर्व्हरवरचं लॉगइनचं सत्र त्यामुळे बंद होतंच असं नाही. लॉगआउटनंतर ‘बॅक’ दाबल्यावर आधीचं पान दिसलं तर ती मेमरीतली प्रत असते. रीलोड केल्यावर लॉगइन मागितलं म्हणजे लॉगआउट नीट झालं. त्यानंतर हिस्टरी, कुकीज, कॅशे या तिन्हींवर खुणा, काळ ‘ऑल टाइम’, आणि मग ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद. डाउनलोड फोल्डरमधल्या फाइली हाताने काढा आणि कचरापेटीही रिकामी करा. सुरुवातच खासगी खिडकीत केली असेल तर बराचसा व्याप वाचतो, पण उतरवलेल्या फाइली तेव्हाही मागे राहतातच. लॉगआउट करायला विसरलात तर घरी येऊन खात्याच्या सुरक्षा सेटिंग्जमधून सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा. तशी सोय नसेल तर पासवर्ड बदला.