अक्कलदाढ काढल्यावर शेजारची दाढ शिवशिवायली म्हणून ती पण काढू नका

ताई, तुम्ही विचारलंय की उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी होती म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कापून काढली, टाके निघाले, सूज पण उतरली, आणि आता माठातलं पाणी प्यालं की तिथंच सण्णकन कळ जातीय, आणि सासूबाई म्हणायल्यात की डॉक्टरनं शेजारची दाढ हलवून ठेवली, ती पण काढून टाक. तर आधी एवढं ऐका, ती दाढ काढू नका. मी लातूरला दातांच्या दवाखान्यात बरीच वर्षं असिस्टंट होते, हीच तक्रार घेऊन आलेले पेशंट लई पाहिलेत आणि बहुतेकांची दाढ एकदम शाबूत असायची.

होतं काय, आडवी अक्कलदाढ पुढच्या दाढेला मागून टेकून असते. ती काढताना हिरडी उघडावी लागते, थोडं हाड पण कापावं लागतं, मग पुढच्या दाढेच्या मुळाचा मागचा भाग उघडा पडतो, शेजारचं घर पाडल्यावर आपली भिंत उघडी पडते तसा. दाताचं कडक पांढरं कवच फक्त वरच्या भागाला असतं, मुळाला नसतं. मुळाच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, थंड लागलं की तो हलतो आणि आतल्या नसेला कळ जाते. हिरडी बसत जाते तसं हे कमी होतं, कुणाचं काही आठवड्यात, कुणाला दोन-चार महिने पण लागतात. आतला खड्डा हाडानं भरायलाच काही महिने जातात, त्यामुळं तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

आता खरी मेख. कळ येते म्हणून लोक त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडतात, आणि घाण साचते ती नेमकी उघड्या मुळावर, म्हणजे शिवशिव अजून वाढते आणि तिथं कीड पण लागते. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा. तोंड मोठं उघडू नका, अर्धंच मिटा, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रश शेवटच्या दाढेच्या पाठीमागं जातो. आरशात बघून एकदा करा, लगेच कळेल. सेन्सिटिव्ह टूथपेस्ट घेताना मागं पोटॅशियम नायट्रेट लिहिलंय का बघा, रात्री ब्रश झाल्यावर त्यातलीच थोडी बोटानं तिथं चोळा, थुंका पण चूळ भरू नका. दोन दिवसात फरक नाही म्हणून सोडू नका, दोन ते चार आठवडे लागतात तिला. चिंच, कैरी, लिंबू खाल्लं की लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या.

आणि घरात कुणी मिश्री लाव म्हणलं तर अजिबात ऐकू नका. आपल्याकडं बायका दात दुखला की आधी मिश्रीच चोळतात. ती जाळलेली तंबाखू आहे, थोडा वेळ बधिर केल्यासारखं वाटतं, पण हिरडी सोलवटते, मुळं घासली जातात आणि जखम भरायला उशीर लागतो, शिवाय तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच. लवंगाचं तेल पण त्या खड्ड्यात नुसतं ओतू नका, भाजतं.

कळ किती वेळ टिकते ते मात्र नीट बघा. थंड लागलं, सणकली आणि पाणी गिळल्यावर काही सेकंदात गेली, तर वाट बघायला हरकत नाही. पण मिनिटभर ठणकत राहिली, गरम चहानं वाढली, किंवा रात्री झोपेतून उठवायली तर आतली नस सुजलीय, मग टूथपेस्टनं भागणार नाही. आडव्या दाढेच्या फटीत वर्षानुवर्षं अन्न अडकून पुढच्या दाढेला मागून कीड लागलेली असू शकते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, छोटा एक्सरे काढला की दिसते. भाकरी चावताना एकदम टोचलं तर दाढेला चीर किंवा जुनं सिमेंट सुटलंय का तेही बघून घ्या. आणि सूज परत आली, ताप, पू, तोंड उघडेना किंवा खालचा ओठ अजून बधिर असेल, तर आजच जा.

तुमच्या परभणीत दाखवून समाधान नाही झालं तर संभाजीनगरला घाटी दवाखान्याजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, खर्च कमी येतो. ऑपरेशनच्या आधी काढलेला पूर्ण जबड्याचा एक्सरे सोबत न्या, त्यात ती दाढ आधी कशी होती ते दिसतं, डॉक्टरला लगेच ताडता येतं.